घराला लागून धंदा: शेजाऱ्यांच्या तक्रारी कशा मिटवायच्या, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली दोन्ही बाजूंचे प्रश्न एकत्रच ठेवलेत, वर राहणाऱ्यांचे आणि खाली गाळा, वर्कशॉप, गोडाऊन, क्लास, जिम चालवणाऱ्यांचेही. मुद्दामच ठेवलेत, कारण अशा भांडणांत मी बरीच वर्षं मध्ये बसतोय आणि दरवेळी हेच दिसतं की दोघांनाही समोरच्याचं अर्धंच माहीत असतं. राहणाऱ्याला वाटतं मालक मुद्दाम करतोय, मालकाला वाटतं ह्यांना माझा धंदाच बंद पाडायचाय. माझं मत विचाराल तर आवाज, वास, गाड्या हे सगळं असतंच, पण माणूस सगळ्यात जास्त वैतागतो तो "हे कधी थांबणार ते मला कोणी सांगतच नाही" ह्याने, आणि तक्रार मिटायला सुरुवातही बहुतेक वेळा तिथूनच होते.

त्रास होतोय. थेट लेखी तक्रार टाकू की आधी जाऊन बोलू?

आधी बोला. पण आवाज चालू असताना तावातावाने खाली जाऊ नका, त्या वेळी तुम्ही चिडलेले असता आणि तो कामात असतो, दोघांच्या तोंडून नको ते जातं. दुसऱ्या दिवशी गर्दी नसेल अशा वेळी जा, आणि मालकाशी किंवा मॅनेजरशीच बोला, काउंटरवरच्या पोराला झापून काही होत नाही, तो बिचारा निरोपसुद्धा देत नाही. आणि नेमकं बोला. "तुमचा फार त्रास होतो" ह्या वाक्यावर समोरचा करणार काय? त्याऐवजी "रात्री अकरानंतर मागच्या भिंतीवरचा एक्झॉस्ट चालू असतो आणि आमच्या बेडरूमची खिडकी बरोबर त्याच्यासमोर येते" असं सांगितलंत की त्याला लगेच कळतं कुठे बघायचं, बऱ्याचदा त्याला हे माहीतच नसतं कारण रात्री तो तिथे नसतो.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, गॅसचा वास, उघड्या वायरी, ज्वालाग्राही माल जिन्यात रचलेला, बाहेर पडायचा रस्ता अडवलेला, किंवा समोरून धमकी, ह्यात समजुतीने बोलण्यात वेळ घालवू नका. तिथे सरळ फायर ब्रिगेड किंवा पोलीस.

नोंद ठेवा असं सगळे सांगतात, म्हणजे नेमकं काय लिहायचं?

साधी वही पुरते. तारीख, किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं, कसला आवाज किंवा वास, तुम्ही कुठल्या खोलीत होतात, खिडकी उघडी होती की बंद, आणि त्यामुळे काय अडलं. "झोपमोड, पोरगी दोनदा उठली" एवढं पुरे. दोन आठवडे रोज लिहा आणि ज्या दिवशी काहीच झालं नाही तो दिवससुद्धा लिहा, हे लोक हमखास विसरतात. पण खरं कोडं त्या शांत दिवसांमुळेच सुटतं, कारण मग दिसतं की त्रास फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी होतो, आणि मंगळवार-शुक्रवार म्हणजे माल येण्याचे दिवस. शिवाय पुढे अधिकाऱ्यासमोर जायची वेळ आली तर शांत दिवसांची नोंद असलेल्या वहीवर विश्वास बसतो, रोज फक्त "असह्य, असह्य" लिहिलेलं असलं तर बसत नाही.

मोबाइलच्या अॅपवर मोजलेले डेसिबल चालतात का?

अंदाजाला चालतात, पुरावा म्हणून त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, कॅलिब्रेट केलेल्या मीटरशी त्याची बरोबरी नाही. पण आकडा कसा वाचायचा ते कळलं पाहिजे, कारण त्यावरूनच निम्मी भांडणं होतात. डेसिबलची पट्टी सरळ वाढत नाही. १० डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट मोठं वाटतं, आणि एकाशेजारी दुसरं तसंच मशीन लावलं तर वाढ फक्त ३ डेसिबलची होते. म्हणून मालक म्हणतो "अहो, दोनातलं एक मशीन बंद केलं तरी ह्यांना फरकच वाटत नाही", तर तो खरं बोलत असतो, ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेमच कळतो.

दुसरी गंमत अशी की नेहमीच्या मोजणीत, जिला ए-वेटेड म्हणतात, खालच्या पट्टीतला आवाज मुद्दाम कमी धरला जातो. त्यामुळे जिमचा बास किंवा कंप्रेसरची घूंघूं मीटरवर अगदी सभ्य दिसते आणि घरातला माणूस मात्र उशी डोक्यावर घेऊन बसलेला असतो. अशा वेळी मोजणाऱ्याला सी-वेटेड आकडाही घ्यायला सांगा, त्यात खालच्या पट्टीतला आवाज फारसा कमी धरत नाहीत, दोन आकड्यांत मोठं अंतर निघालं की समजायचं बासचा प्रॉब्लेम आहे.

दिवसा तेच मशीन चालतं तेव्हा काही वाटत नाही, रात्रीच का एवढा त्रास?

कारण आजूबाजूचा आवाज रात्री खाली जातो, मशीन तेवढंच राहतं. ब्रिटनमध्ये औद्योगिक आवाजासाठी बीएस ४१४२ नावाचं स्टँडर्ड वापरतात, त्यात ह्याच फरकाकडे बघतात, म्हणजे परिसराच्या मूळ आवाजापेक्षा मशीन साधारण ५ डेसिबल वर असेल तर त्रासाची शक्यता, १० वर असेल तर मोठ्या त्रासाची. त्यात आवाज एकसुरी किंवा ठोकल्यासारखा असेल तर वरून आणखी डेसिबल धरतात, आणि ते अगदी योग्य आहे कारण शिट्टीसारखा आवाज लहान असला तरी डोक्यात जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये बेडरूमच्या आत सतत चालणाऱ्या आवाजासाठी ३० आणि अधूनमधून येणाऱ्या आवाजासाठी ४५ डेसिबल अशी मर्यादा सुचवली होती. कायद्याचे आकडे देशोदेशी वेगळे असतात, भारतात २००० सालच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ आहेत. तुमच्याकडचे काय आहेत ते आधी बघून घ्या, भांडण अर्ध्यावर आल्यावर शोधत बसू नका.

खिडकी बंद केली तरी आवाज येतोच, भिंतच थरथरल्यासारखी वाटते.

मग तो आवाज हवेतून येतच नाहीये, भिंतीतून, स्लॅबमधून चढतोय. इथे डबल काच, जाड पडदे, फोम, सगळा खर्च वाया जातो आणि लोक नेमका हाच खर्च आधी करतात.

एक प्रसंग सांगतो. पहिल्या मजल्यावरच्या एक आजी सांगायच्या की रोज रात्री पलंग बोलतो. खालचा मालक शपथेवर सांगायचा की माझं शटर नऊला पडतं, रात्री आत कोणी नसतं. दोघंही खरं बोलत होते. मी रात्री साडेअकराला त्यांच्या खोलीत बसलो होतो, उशाशी पाण्याचा ग्लास होता, आणि एकदम पाण्यावर बारीक बारीक गोल लहरी उठायला लागल्या. भिंतीला तळवा लावला तर मुंग्या आल्यासारखं झालं. कोल्ड रूमचा कंप्रेसर आपोआप चालू झाला होता आणि त्याचं ब्रॅकेट बाहेरून बरोबर त्याच भिंतीला बोल्टने आवळलेलं होतं, मध्ये रबराचा तुकडासुद्धा नाही. दुसऱ्या रात्री मालकाला वर बोलावलं. तो पलंगाच्या कडेला बसला, ग्लासाकडे बघितलं, भिंतीला कान लावला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. आठवड्याभरात युनिट भिंतीवरून उतरवून जमिनीवर घेतलं, खाली रबरी पॅड, पाइपला लवचिक जोड. आजी म्हणाल्या, सहा वर्षांत हा पहिल्यांदाच माझ्या घरात आला. मला तर वाटतं रबराइतकंच तेही कामी आलं.

म्हणून मालकांना सांगतो, मशीन भिंतीला टांगू नका, जमिनीवर स्प्रिंग किंवा रबरी माउंटवर ठेवा, आणि पंखा असेल तर आधी त्याचा वेग कमी करून बघा. पंख्याचा वेग २० टक्क्यांनी उतरवला तर साधारण ५ डेसिबल कमी होतात, बहुतेक ठिकाणी रात्री पूर्ण वेगाची गरजही नसते.

माझ्याकडे सगळे परवाने आहेत, मग मी कोणाचं का ऐकू?

परवाना म्हणजे धंदा करायची परवानगी, त्रास द्यायची नव्हे. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये मोटार रेसिंगच्या एका स्टेडियमच्या केसमध्ये हेच सांगितलं की बांधकामाची आणि वापराची परवानगी असली म्हणून शेजाऱ्याला होणारा उपद्रव आपोआप कायदेशीर होत नाही. परवान्यातल्या अटी पण नीट वाचा, वेळ किती, माल कुठे ठेवायचा, मागचं दार कधी उघडायचं, ह्यातलं बरंचसं त्यात आधीच लिहिलेलं असतं आणि मालकानेच वाचलेलं नसतं.

पण आम्ही इथे आधीपासून आहोत, ते नंतर राहायला आले. माहीत नव्हतं का त्यांना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरं सांगायचं तर मला मालकांचं दुःख समजतं. वीस-पंचवीस वर्षं एका जागी मान मोडून काम करायचं आणि काल आलेल्या माणसाने सांगायचं की बंद करा, कोणालाही लागेल. पण "आम्ही आधी" एवढ्यावर केस जिंकता येत नाही, हे फार जुनं आहे. लंडनमध्ये एक मिठाई बनवणारा वीस वर्षांहून जास्त काळ खलबत्ते चालवत होता, शेजारच्या डॉक्टरने बागेच्या टोकाला, बरोबर त्या भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली आणि मग आवाजाबद्दल कोर्टात गेला. १८७९ मध्ये स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन ह्या केसचा निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. खोलीच नव्हती तोपर्यंत तक्रार करायला कारणच नव्हतं, मग हक्क मुरला कसा म्हणायचा, असा तो विचार.

मला जास्त न्याय्य वाटतो तो अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यातला १९७२ चा निकाल. तिथे गुरांचा मोठा गोठा आधीपासून होता, बिल्डर घरं बांधत बांधत त्याच्यापर्यंत पोचला आणि मग वास आणि माश्यांबद्दल कोर्टात गेला. कोर्टाने गोठ्याला हलायला सांगितलं, कारण राहणाऱ्या लोकांचा त्यात दोष नव्हता, पण हलवण्याचा वाजवी खर्च बिल्डरने द्यायचा असं सांगितलं, कारण लोकांना तिथे आणलं त्यानेच. ह्याच विचाराचं पुढे धोरण झालं, जो नवीन येऊन परिस्थिती बदलतो त्याने बंदोबस्ताचा खर्च करायचा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये लाइव्ह म्युझिकच्या जागांसाठी ते नियमात आणलं, इंग्लंडच्या नियोजन धोरणात २०१८ ला आलं. तुमच्या भागात असा नियम असो नसो, बोलणी करताना हा मुद्दा जरूर मांडा. नवीन बिल्डिंग आली असेल तर खिडक्यांचा खर्च बिल्डरकडून मागता येतो का हे दोघांनी मिळून बघा, एकमेकांचे गळे धरण्यापेक्षा ते बरं.

वासाची तक्रार आहे, पण आम्हाला तर काहीच वास येत नाही?

येणारच नाही. नाक थोड्याच वेळात त्याच वासाला सरावतं, आत काम करणाऱ्याला तो जाणवणं बंद होतं. त्यामुळे "कुठे येतोय वास" हे तुम्ही ठरवू नका. बाहेरून आलेल्या, आत न काम करणाऱ्या माणसाला पाठवा. वास किती उग्र आहे तेवढंच बघायचं नसतं, किती वेळा येतो, किती वेळ टिकतो, कसा आहे आणि कुठे पोचतो हे सगळं मिळून त्रास ठरतो. उपाय म्हणून आधी स्वयंपाकाच्या धुरातलं तेल अडवणारे फिल्टर नियमित साफ करा, मग धुराड्याची उंची बघा, आणि टोकाला चायनीज टोपीसारखं झाकण लावलेलं असेल तर ते हवा खाली ढकलतं, वास सरळ शेजाऱ्याच्या खिडकीत जातो. त्यानंतर अॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे वास शोषून घेणाऱ्या कोळशाचा फिल्टर. पण कार्बन काही काळाने भरतो, बदलावा लागतो, लावला आणि विसरला असं चालत नाही.

बोर्डाच्या आणि पार्किंगच्या लाइटचं काय?

हे सगळ्यात स्वस्तात मिटतं. लाइटचं तोंड खाली करा, वरून झाकण असलेला फिटिंग घ्या, टायमर लावा, पांढऱ्याफटक ऐवजी पिवळसर, ३००० केल्विन किंवा त्याहून कमी. पंधरा मिनिटांचं काम.

पहाटे माल उतरवतात, ट्रक रिव्हर्स घेताना पीं पीं करतो.

ह्यात धंद्यातल्या माणसांपेक्षा बाहेरून येणाऱ्या ड्रायव्हरचा हात जास्त असतो, म्हणून मालकाने सप्लायरला लेखी कळवलं पाहिजे की अमुक वेळेआधी गाडी आणायची नाही, आणि आणली तर इंजिन बंद करून थांबायचं. फ्रिजवाली गाडी असेल तर ती उभी असतानाही घरघरत असते, तिला खिडक्यांपासून लांब उभी करा. रिव्हर्सच्या पीं पीं ऐवजी फस्स फस्स आवाज करणारे अलार्म मिळतात, मागे उभ्या माणसाला ते नीट ऐकू येतात पण लांबवर कमी टोचतात. काचेच्या रिकाम्या बाटल्या रात्री डब्यात ओतू नका, सकाळी ओता. आणि शटरला तेल घाला हो, पहाटेच्या निम्म्या तक्रारी शटरच्या असतात!

समोरच्या कमर्शियल बिल्डिंगच्या टेरेसवरून लोक आमच्या घरात बघतात, ह्याची तक्रार होऊ शकते का?

होऊ शकते. लंडनच्या टेट मॉडर्न ह्या कलासंग्रहालयाच्या वरच्या गॅलरीतून समोरच्या काचेच्या फ्लॅट्समध्ये लोक बघायचे, फोटो काढायचे, त्यावर २०२३ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने ३ विरुद्ध २ मतांनी फ्लॅटवाल्यांच्या बाजूने निकाल दिला. तुमच्या देशात कायदा वेगळा असेल, पण बोलणी करताना आधी साधंच मागा, त्या बाजूला दुधी काच, जाळी, किंवा कुंड्यांची रांग.

एकटाच माणूस सतत तक्रार करतो, बाकी कोणाला काही नाही. नक्कीच त्याचा काहीतरी हेतू आहे ना?

कधी असतो. पण त्याच्या घरात जाऊन बसल्याशिवाय हे बोलू नका. एकाच फ्लॅटची बेडरूम पंख्याच्या तोंडावर येते, एकच माणूस नाइट शिफ्ट करून दिवसा झोपतो, एकाच घरात तान्हं बाळ असतं. वरच्या आजींचं काय होतं? त्याही एकट्याच होत्या.

आणि एक सांगतो, माणसाच्या हातात काही आहे की नाही ह्याने फार फरक पडतो. १९७० च्या आसपास अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर ह्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना कर्कश आवाज ऐकवून बघितले. काहींना एक बटण दिलं होतं आणि सांगितलं होतं, दाबलं की आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलंच नाही, तरी नंतरच्या कामात ते बटण नसलेल्यांपेक्षा चांगले टिकले. म्हणून मालकांना मी पहिलं हेच सांगतो, जो सारखी तक्रार करतो त्यालाच तुमचा थेट नंबर द्या आणि उचला. तुम्हाला वाटेल आता दिवसाला दहा फोन येतील, माझा अनुभव असा की फोन कमी होतात. मोठं काम काढणार असाल तर दोन दिवस आधी कळवा, कधी सुरू, कधी संपणार.

मी घरातूनच छोटा व्यवसाय करते, शेजाऱ्यांचं ऐकून टेन्शन येतं.

तुम्ही काय बनवता ह्याने शेजाऱ्यांना फरक पडत नाही, येणारी-जाणारी माणसं आणि पार्सल ह्याने पडतो. कुरियर एकाच वेळेला बोलवा, ग्राहकांना वेळ देऊनच बोलवा, लिफ्टजवळ खोके ठेवू नका. सोसायटीचे किंवा भाडेकराराचे नियम आधीच वाचून घ्या आणि शेजाऱ्यांना तुम्ही स्वतःहून सांगा, दुसऱ्याकडून कळलं की लपवलं असं वाटतं.

मीटिंग घ्यायची तर कशी घ्यायची?

कमी लोक. वीस जण विरुद्ध एक मालक अशी मीटिंग म्हणजे फाशीचा तख्त वाटतो, तो वकील घेऊनच येतो. दोन-तीन राहणारे, मालक, आणि दोघांनाही चालेल असा एक जण. शक्य असेल तर आधी अर्धा तास जागेवर, घरात आणि गाळ्यात दोन्हीकडे, फिरून या, मग बसा. "काय बंद करा" ह्याने सुरू करू नका, "तुम्हाला कशासाठी हवंय" ह्याने करा. राहणाऱ्याला रात्री झोप हवी असते, मालकाला सहा वाजता माल तयार हवा असतो, ह्या दोन गोष्टींत खरं तर भांडणच नसतं, भांडण एका मशीनच्या जागेवरून असतं.

ठरलेलं लिहून घ्यावं का? विश्वास नाही असं वाटेल.

लिहाच. एक पान पुरे. काय करणार, कोण करणार, कुठल्या तारखेपर्यंत, आणि झालं की नाही ते कोण बघणार. "आवाज कमी ठेवू" असं लिहू नका, त्याला काही अर्थ नाही, "रात्री १० नंतर मागचं दार बंद, पंखा कमी वेगावर" असं लिहा. राहणाऱ्यांनीही आपल्या बाजूचं एखादं वाक्य लिहावं, उदाहरणार्थ आधी फोन करू, मगच तक्रार करू.

सोशल मीडियावर व्हिडिओ टाकला तर लवकर काम होईल का?

नको. एकदा लोकांसमोर लाज काढली की समोरचा माणूस दुरुस्तीचं सोडून स्वतःला वाचवायच्या मागे लागतो, आणि तुमच्या अंगावर बदनामीची नोटीसही येऊ शकते.

अधिकाऱ्यांकडे कधी जायचं?

बोलून झालं, लिहून दिलं, ठरलेली तारीख उलटली, मग जा. वही, फोटो, आधीच्या पत्रांच्या कॉपी, सगळं तारखेप्रमाणे लावून द्या. वापर बदलला असेल, म्हणजे राहायच्या जागेत कारखाना चालू असेल, तर ती नियोजन विभागाची बाब, आवाज-वास असेल तर पर्यावरण किंवा आरोग्य विभागाची. चुकीच्या टेबलावर अर्ज गेला की महिने जातात, म्हणून आधी विचारा "हे तुमच्याकडे येतं का", आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.

सगळं मिटलं होतं, सहा महिन्यांनी परत सुरू झालं. आता काय?

बहुतेक वेळा मालकाची नियत बदललेली नसते, रबर झिजलेलं असतं, फिल्टर तुंबलेला असतो, टायमर लाइट गेल्यावर रीसेट झालेला असतो, किंवा नवीन मॅनेजर आलाय आणि त्याला कोणी काही सांगितलंच नाही. ते एक पान काढा, खाली जा, नवीन माणसाला दाखवा आणि त्याचा नंबर घ्या. मालकांनी ते पान मीटर बॉक्सच्या दाराला आतून चिकटवून ठेवावं, म्हणजे मेकॅनिक बदलला तरी त्याला दिसतं.